जुनी जखम आणि मलम: कोणते निवडावे आणि कसे लावावे

ज्या घरात महिनोन्‌महिने न भरणारी जखम असते, त्या घरात अर्धवट पिळलेल्या ट्यूबांचा एक डबा हमखास सापडतो. एक ट्यूब डॉक्टरांनी लिहून दिलेली असते, दुसरी औषधांच्या दुकानात विचारून आणलेली, तिसरी कोणा ओळखीच्याला गुण आला म्हणून घेतलेली. आठ-दहा दिवस एक मलम लावून पाहायचे, फरक दिसला नाही की दुसरे उघडायचे, असा क्रम चालू राहतो आणि जखम आहे तिथेच राहते. यात दोष दर वेळी मलमाचा असतो असे नाही. जखम भरून आणण्याचे काम शरीर करते. मलम त्याच्या वाटेतला एखादा अडसर दूर करते, मग तो अडसर कोरडेपणाचा असो, मृत थराचा असो, जंतूंचा असो किंवा ड्रेसिंग काढताना दर वेळी होणाऱ्या ओरबाड्याचा असो. आपल्या जखमेत या घडीला कोणता अडसर आहे, हे ठरवल्याशिवाय निवडलेली ट्यूब म्हणजे अंधारात मारलेला खडा होय.

पुढील मजकूर घरी ड्रेसिंग करणाऱ्या व्यक्तीसाठी लिहिला आहे, आणि त्या जखमेचे निदान डॉक्टरांकडून झालेले आहे असे गृहीत धरले आहे. ते झाले नसेल, तर मलमाचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

जखम जुनी का होते

साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत भरण्याच्या मार्गाला न लागलेल्या जखमेला जुनी जखम म्हणतात. ताजी जखम ठरलेल्या क्रमाने पुढे जाते: रक्त गोठते, काही दिवस दाह होऊन साफसफाई होते, तळातून नवे लाल मांस वर येते, कडांवरून कातडी सरकत येते आणि नंतर कित्येक महिने तो भाग मजबूत होत राहतो. जुनी जखम यातील दाहाच्या टप्प्यावरच अडकून पडते. तिच्या स्रावात प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) वाजवीपेक्षा जास्त असतात, त्यामुळे शरीराने विणलेले नवे तंतू विणता विणताच उसवले जातात. शिवाय बहुतेक जुन्या जखमांच्या तळाशी जंतू एकेकटे राहत नाहीत. ते स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून वसाहतीने राहतात, आणि त्या आवरणाआड औषध सहजासहजी पोहोचत नाही.

हे झाले जखमेच्या आतले. तिला तिथे अडकवून ठेवणारे कारण मात्र बहुधा जखमेच्या बाहेर असते. पायातील शिरांच्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, पाय सुजतो, घोट्याच्या वर भोवतालची कातडी तपकिरी पडते आणि बहुधा आतल्या बाजूला पसरट, उथळ, सतत पाझरणारी जखम होते. धमनीतून रक्त कमी येत असेल, तर बोटांच्या टोकाशी किंवा टाचेवर कापून काढल्यासारख्या कडांची, कोरडी, फिकट तळाची आणि पाय उंच केला की अधिक दुखणारी जखम दिसते. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल, तर तळव्यावर घट्ट्याच्या मधोमध जखम असते आणि ती दुखत नाही, हेच तिचे सर्वांत घातक लक्षण होय. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला माकडहाड, खुबा आणि टाच या हाडाच्या उंचवट्यांवर शय्याव्रण होतात.

या चारही प्रकारांत खरा उपचार मलमाच्या आधी सुरू होतो. शिरांच्या जखमेला दाबपट्टी लागते, तळव्याच्या जखमेवरचा भार विशेष प्लास्टर किंवा पादत्राण देऊन काढावा लागतो, शय्याव्रणाच्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि धमनीच्या जखमेत रक्तपुरवठा पूर्ववत करता येतो का हे आधी पाहावे लागते. मला तर असे वाटते की शिरांच्या जखमेत लोक मलमासाठी जेवढी यातायात करतात, त्याच्या निम्मी दाबपट्टी नीट बांधून घेण्यासाठी केली, तर कित्येक ट्यूबा उघडाव्याच लागणार नाहीत. मात्र दाबपट्टी मनाने बांधू नये. घोट्यावरचा रक्तदाब आणि दंडावरचा रक्तदाब यांचे गुणोत्तर आधी मोजून घ्यावे लागते. ते ०.८ पेक्षा कमी असेल, तर नेहमीची घट्ट दाबपट्टी पायाचे नुकसान करू शकते, आणि ०.५ च्या खाली असेल, तर रक्तपुरवठ्याची स्थिती गंभीर समजतात. मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असल्या की हेच गुणोत्तर १.३ च्या वर जाते. तेव्हा त्या आकड्यावर विसंबता येत नाही आणि वेगळी तपासणी करावी लागते.

ज्या जखमेला मलम लावू नये ती ओळखावी

टाचेवर काळी, कोरडी, घट्ट बसलेली खपली असेल, तिच्या कडेने पाझर नसेल, लाली नसेल आणि पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर ती खपली मऊ करण्याच्या फंदात पडू नये. ती त्या टाचेचे झाकण असते. मलम लावून ती भिजवली की आत जंतू शिरण्याची वाट मोकळी होते, आणि ज्या पायात रक्त पोहोचत नाही त्या पायात संसर्ग आवरणे फार अवघड असते. अशी खपली कोरडी ठेवून रोज पाहावी. ती हलू लागली, ओलसर झाली किंवा कडेने दुर्गंधी येऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

त्याचप्रमाणे जखमेत हाड किंवा स्नायूबंध दिसत असेल, आत बोगद्यासारखी खोल वाट असेल किंवा जखमेच्या जागी कर्करोगाची शंका असेल, तर घरातले कोणतेही मलम तिथे जाता कामा नये.

जखम कशी पाहावी

ड्रेसिंग काढल्यावर लगेच पुसापुशी करू नये. आधी नीट पाहावे, आणि त्यातही पहिल्यांदा काढलेल्या ड्रेसिंगची जखमेकडची बाजू पाहावी. तिच्यावर आदल्या दिवसांची सगळी हकीगत लिहिलेली असते. गॉझ कोरडा होऊन जखमेला चिकटला असेल आणि काढताना त्यावर रक्ताचे ठिपके उमटले असतील, तर जखमेला ओलावा कमी पडतो आहे आणि नुकती उगवलेली कातडी आपण दर खेपेला उपटून काढतो आहोत. गॉझ चिंब होऊन कडेने गळत असेल आणि जखमेभोवतालची कातडी फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी पांढरी, सुरकुतलेली झाली असेल, तर ओलावा जास्त होतो आहे. हिरवट डाग आणि गोडसर, कुबट वास एका विशिष्ट जंतूकडे बोट दाखवतात, आणि ही गोष्ट पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

त्यानंतर जखमेचा तळ पाहावा. तांबडा, दाणेदार, ओलसर तळ हे निरोगी नव्या मांसाचे लक्षण आहे. पिवळसर, चिकट, पुसूनही न निघणारा थर हा मृत पेशींचा असतो. त्याला सरसकट पू समजून घासू नये. काळा थर म्हणजे पूर्ण मेलेली ऊती होय. गडद, निस्तेज लाल रंगाचे, हात लागताच रक्त येणारे मांस दिसले, तर ते जंतूंचा भार वाढल्याचे लक्षण असू शकते. शेवटी कडा पाहाव्यात: तळाकडे उतरत जाणारी, गुलाबीसर कड पुढे सरकत असते, तर गुंडाळल्यासारखी जाड झालेली कड थांबलेली असते.

दर आठवड्याला एकाच दिवशी जखमेची सर्वांत जास्त लांबी आणि तिला काटकोनात असलेली सर्वांत जास्त रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावी. शक्य झाल्यास शेजारी मोजपट्टी ठेवून तेवढ्याच अंतरावरून छायाचित्र घ्यावे. रोज पाहणाऱ्या डोळ्याला बदल कळत नाही, वहीला कळतो.

कोणत्या अडसराला कोणते मलम

आधी मलमाच्या बैठकीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण औषधाच्या नावाइतकेच ते कशात कालवले आहे याला महत्त्व असते. घट्ट, तेलकट मलम पाणी अडवून धरते, म्हणून ते कोरड्या जखमेला मानवते. क्रीममध्ये पाणी आणि तेल दोन्ही असतात. जेल बहुतांशी पाण्याचे असते आणि कोरड्या, चिवट थराला ओलावा देते. सतत पाझरणाऱ्या जखमेवर तेलकट मलमाचा थर दिला, तर स्राव खाली कोंडतो आणि कडा भिजून सडू लागतात. अशा जखमेला मलम कमी आणि स्राव शोषणारे फोम किंवा अल्जिनेटचे ड्रेसिंग जास्त उपयोगी पडते.

जखम स्वच्छ, लाल आणि फक्त कोरडी असेल, तर औषधी मलमाची गरजच नसते. जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, खपली धरली की ती बरी होते, हा समज फार जुना आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर केलेल्या प्रयोगात पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकलेल्या उथळ जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने आली, कारण कातडीच्या पेशींना कोरड्या खपलीखालून वाट काढत जाण्यापेक्षा ओल्या पृष्ठभागावरून सरकणे सोपे जाते. साधी पांढरी पेट्रोलियम जेली किंवा हायड्रोजेल हा ओलावा टिकवून धरते. शस्त्रक्रियेच्या स्वच्छ जखमांवर पेट्रोलियम जेली आणि बॅसिट्रॅसिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) मलम यांची तुलना १९९६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही आणि ॲलर्जी मात्र प्रतिजैविक मलमाच्या गटात दिसली. त्या जखमा ताज्या होत्या, जुन्या नव्हत्या, हे लक्षात ठेवूनही औषधी मलम आपोआप अधिक गुणकारी ठरत नाही, एवढे त्यातून नक्की घ्यावे.

पिवळा, चिवट मृत थर हा अडसर असेल, तर तो काढण्याचा सर्वांत वेगवान मार्ग म्हणजे प्रशिक्षित हाताने केलेली शस्त्राने सफाई. ती शक्य नसेल किंवा दोन सफायांच्या मधल्या काळात कोलॅजिनेज हे विकर असलेले मलम डॉक्टर देतात. हे मलम मृत थराला तळाशी बांधून ठेवणारे कोलॅजनचे धागे तोडते. ते साधारण दोन मिलिमीटर जाडीने, दिवसातून एकदा, फक्त मृत थरावर लावावे आणि वरून ओलसर ड्रेसिंग ठेवावे, कारण कोरड्या जागी विकर काम करत नाही. इथे एक चूक वारंवार होते, आणि ती इतकी साळसूद असते की कोणाच्या लक्षात येत नाही: जखम आयोडीनने धुवून त्यावर कोलॅजिनेज लावले जाते किंवा वरून चांदीयुक्त ड्रेसिंग घातले जाते. आयोडीन, चांदी आणि काही साबणी द्रावणे या विकराला निष्क्रिय करतात. म्हणजे मलम लागते, वेळ जातो आणि काम शून्य होते. हे मलम चालू असताना जखम सलाईननेच धुवावी.

जंतूंचा भार वाढला असेल, तर प्रतिजैविक मलमापेक्षा जंतुरोधक (अँटिसेप्टिक) मलमाचा विचार आधी होतो. कॅडेक्सोमर आयोडीनचे मलम स्राव शोषून घेत हळूहळू आयोडीन सोडते, त्यामुळे पाझरणाऱ्या, चिकट तळाच्या जखमेत ते उपयोगी पडते. ते सुमारे तीन मिलिमीटर जाडीने लावतात आणि त्याचा तपकिरी रंग उतरून फिका पडला की बदलतात. रंग उतरणे म्हणजे आयोडीन संपणे, ही त्याची मोठी सोय आहे. एका वेळी ५० ग्रॅमपेक्षा जास्त, आठवड्यात १५० ग्रॅमपेक्षा जास्त आणि सलग तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ ते वापरू नये. थायरॉइडचा विकार असलेल्यांनी, तसेच गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी ते टाळावे. वैद्यकीय वापरासाठी निर्जंतुक केलेला मधही याच कामाचा असतो: तो जखमेतील द्रव ओढून घेतो, आम्लता वाढवतो आणि जंतूंना जगणे कठीण करतो. खाण्याचा मध निर्जंतुक केलेला नसतो, म्हणून तो त्याच्याऐवजी वापरू नये.

सिल्व्हर सल्फाडायझिनचे एक टक्क्याचे पांढरे क्रीम बहुतेकांच्या ओळखीचे असते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गैरवापर त्याचाच होतो. ते मुळात भाजलेल्या जखमांसाठी आहे. जंतूंचा भार जास्त असताना थोडे दिवस ते कामी येते, पण स्वच्छ, लाल, भरत आलेल्या जखमेवर ते महिनोन्‌महिने लावत राहिल्यास नवी कातडी येण्याचा वेग मंदावू शकतो. शिवाय स्रावात मिसळून त्याचा पिवळट-करडा पापुद्रा तयार होतो. पाहणारा त्याला मृत थर समजतो आणि आणखी क्रीम लावतो. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी ते वापरू नये.

नियोमायसिन, बॅसिट्रॅसिन, म्युपिरोसिन यांसारखी प्रतिजैविक मलमे 'असू दे, नुकसान तर नाही' या भावनेने लावली जातात. नुकसान असते. पायाच्या जुन्या जखमा असलेल्या रुग्णांत मलमांची ॲलर्जी सर्वसाधारण लोकांपेक्षा बरीच जास्त आढळते, आणि नियोमायसिन त्यातले नेहमीचे नाव आहे. जखमेभोवती खाज, बारीक पुटकुळ्या आणि मलम जिथवर लागले तिथवरच पसरलेली लाली दिसली, तर संसर्ग वाढला असे समजून तेच मलम जास्त लावण्यापूर्वी ॲलर्जीची शंका घ्यावी. म्युपिरोसिनचे दोन टक्क्यांचे मलम साधारणतः दहा दिवसांच्या वर चालवत नाहीत, कारण जंतू त्याला दाद देईनासे होतात. त्याची बैठक पॉलिएथिलीन ग्लायकॉलची असेल, तर मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तीच्या मोठ्या उघड्या जखमेवर ते वापरणे योग्य नव्हे.

दुर्गंधी ही वेगळी आणि रुग्णाला माणसांतून उठवणारी तक्रार आहे. कर्करोगाच्या उघड्या जखमांत डॉक्टर ०.७५ टक्के मेट्रोनिडॅझोल जेल देतात; ते वास निर्माण करणाऱ्या, प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंवर काम करते. वाढीचा घटक असलेले ०.०१ टक्के बेकाप्लर्मिन जेल अमेरिकेत १९९७ साली मधुमेही पायाच्या जखमांसाठी मान्य झाले. ते रक्तपुरवठा चांगला असलेल्या, सफाई केलेल्या जखमेवरच आणि विशेषज्ञाच्या देखरेखीखाली वापरायचे असते. फ्रिजमध्ये दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते, आणि लावल्यावर बारा तासांनी धुवून पुढचे बारा तास फक्त ओल्या गॉझने जखम झाकावी लागते. स्टेरॉइडचे मलम जखमेच्या आत लावू नये, ते भरण्याची क्रिया दडपते. भोवतालच्या इसबासाठी ते दिलेले असेल, तर कडेपासून अंतर राखावे.

प्रत्यक्ष ड्रेसिंग

ड्रेसिंग फार दुखत असेल, तर आधी अर्धा तास वेदनाशामक गोळी घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. पायाच्या जखमेची शस्त्राने सफाई करण्यापूर्वी लिडोकेन आणि प्रिलोकेनचे बधिर करणारे क्रीम अर्धा ते एक तास लावून ठेवण्याची पद्धत आहे. तीही त्यांनाच विचारून.

साहित्य आधीच एका स्वच्छ तबकात मांडून घ्यावे: सलाईन, गॉझ, मलम, आइस्क्रीमच्या काडीसारखी चपटी निर्जंतुक लाकडी काडी, वरचे ड्रेसिंग, पट्टी, हातमोज्यांचे दोन जोड आणि कचऱ्याची पिशवी. मध्येच उठून कपाट उघडावे लागले, की धुतलेल्या हातांचा उपयोग संपतो. पंखा बंद करावा. हात साबणाने किमान वीस सेकंद धुवून पहिला जोड घालावा आणि जुने ड्रेसिंग काढावे. ते चिकटले असेल, तर ओढू नये. त्यावर कोमट सलाईन ओतून पाच-दहा मिनिटे थांबावे. गॉझ आपण होऊन सुटू लागतो, तेव्हा एका कोपऱ्यातून, कातडीला समांतर ठेवून, हळूहळू मागे दुमडत काढावा.

जखम धुण्यासाठी ०.९ टक्के सलाईन पुरेसे असते. जखमेवर मीठ चोळणे हा वाक्प्रचार छळासाठी वापरला जात असला, तरी या प्रमाणातले मिठाचे पाणी रक्ताशी मिळतेजुळते असल्याने झोंबत नाही. पिण्यायोग्य स्वच्छ पाणीही चालते. पाण्याच्या शुद्धतेविषयी शंका असेल, तर ते उकळून कोमट करून घ्यावे. थंड पाणी टाळावे, कारण गार पडलेल्या जखमेत पेशींचे काम मंदावते. नुसते वरून पाणी ओतल्याने चिकट थर हलत नाही. ३५ मिलिलिटरच्या सिरिंजला १९ गेजची सुई किंवा तिची प्लास्टिक नळी लावून मारलेली धार योग्य दाबाची असते: थर सुटतो आणि नव्या मांसाला इजा होत नाही. सुई लावली असेल, तर टोक जखमेला लागणार नाही याची काळजी घ्यावी. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट आणि घट्ट आयोडीन यांनी रोज जखम धुऊ नये. पांढरा फेस आला की जखम स्वच्छ झाल्यासारखी वाटते, पण तो फेस नव्या पेशींनाही सोडत नाही.

धुऊन झाल्यावर भोवतालची कातडी टिपून कोरडी करावी. तळ टिपून कोरडा करू नये. कडा पांढऱ्या पडत असतील, तर भोवताली बोटभर रुंदीत झिंक ऑक्साइडचे मलम किंवा पेट्रोलियम जेली पातळ लावावी. हे जखमेचे कुंपण आहे, ते जखमेत उतरू देऊ नये.

आता हातमोजे बदलावेत. मलम ट्यूबमधून थेट जखमेवर पिळू नये आणि ट्यूबचे तोंड जखमेला टेकवू नये. पहिला अर्धा सेंटिमीटर पिळून टाकून द्यावा, मग लागेल तेवढे काडीवर घ्यावे. साध्या ओलावा टिकवणाऱ्या मलमाचा थर एवढा असावा की जखमेचा तळ चकाकलेला दिसावा, झाकलेला दिसू नये. ज्या औषधांची जाडी वर दिली आहे ती त्या मापाने लावावीत. थर तळाच्या मध्यापासून कडेकडे पसरवत न्यावा आणि काडी फिरवताना घासू नये. लोण्यावरून सुरी फिरवावी तितका हलका हात पुरे. जखमेला खोलगटपणा असेल, तर मलम थेट खोबणीत भरण्याऐवजी गॉझच्या पट्टीला लावून ती पट्टी सैलसर आत ठेवावी आणि तिचे टोक बाहेर दिसेल असे ठेवावे. आत दाबून कोंबलेला गॉझ तळावर दाब देतो आणि त्या दाबाने तिथला रक्तपुरवठाच कमी होतो. आत राहून गेलेला गॉझ हे जखम न भरण्याचे एक लाजिरवाणे कारण आहे, म्हणून किती पट्ट्या ठेवल्या हे वहीत लिहावे.

वरचे ड्रेसिंग जखमेपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठे असावे. पातळ, म्हाताऱ्या कातडीवर चिकटपट्टी लावण्यापेक्षा जाळीदार पट्टी गुंडाळावी. पट्टी बांधल्यानंतर बोटांची नखे दाबून सोडावीत; गुलाबी रंग दोन-तीन सेकंदांत परतला नाही किंवा बोटे गार पडली, तर पट्टी घट्ट झाली आहे.

एका धोक्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पेट्रोलियम जेली आणि पॅराफिन असलेली मलमे कपड्यांत, चादरींत आणि पट्ट्यांत मुरतात, आणि असे कापड ठिणगी लागताच झपाट्याने पेटते. कपडे धुतले तरी सगळे पॅराफिन निघून जात नाही. असे मलम लावलेल्या व्यक्तीने विडी-सिगारेट, दिवा आणि चूल यांपासून दूर राहावे.

किती दिवसांनी बदलावे

रोज बदलणे म्हणजे जास्त काळजी घेणे, असे नाही. दर वेळी उघडल्यावर जखम गार पडते आणि तिला पुन्हा ऊब धरायला वेळ लागतो. कोलॅजिनेजसारख्या मलमाला रोजचा बदल लागतो, कॅडेक्सोमर आयोडीनचे मलम बहुधा आठवड्यातून तीनदा बदलतात, आणि स्वच्छ, कमी पाझरणाऱ्या जखमेवरचे फोम काही दिवस राहू शकते. ड्रेसिंग गळू लागले, सरकले किंवा घाण झाले, तर मात्र ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नये.

मलम चालू ठेवावे की बदलावे

वहीतील लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार करावा. तो जखमेचे खरे क्षेत्रफळ नसला, तरी तुलनेला पुरतो. उदाहरणार्थ, पहिल्या आठवड्यात ४ गुणिले ३ म्हणजे १२ आणि चौथ्या आठवड्याच्या अखेरीस ३ गुणिले २ म्हणजे ६ आले, तर जखम निम्मी झाली आहे. मधुमेही पायाच्या जखमेत चार आठवड्यांत एवढी घट झाली, तर ती बारा आठवड्यांत भरण्याची शक्यता बरीच चांगली असते. झाली नाही, तर दुसरी ट्यूब आणण्याऐवजी संपूर्ण उपचाराचीच पुन्हा तपासणी व्हायला हवी: भार खरोखर निघाला आहे का, रक्तातील साखर आटोक्यात आहे का, हाडापर्यंत संसर्ग गेला आहे का, आहारात पुरेशी प्रथिने आहेत का. जखम भरत असताना मूत्रपिंडे धडधाकट असलेल्या व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि ती कमी पडली तर कोणतेही मलम ती भरपाई करू शकत नाही. धूम्रपान चालू असेल, तर तेही याच यादीत धरावे.

सफाईनंतर मृत थर गेला, की कोलॅजिनेज थांबवावे. जंतूंची लक्षणे दोन आठवड्यांत ओसरली, की जंतुरोधक मलमही थांबवून साध्या ओलाव्यावर यावे. हे बदल डॉक्टरांशी बोलून करावेत, पण ते सुचवण्याचे काम वही करते. बारा आठवड्यांनंतरही जखम ढिम्म असेल, कडा वर उचललेल्या आणि कडक झाल्या असतील किंवा मांस फुलकोबीसारखे वाढत असेल, तर कडेचा तुकडा काढून तपासून घ्यावा. वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेत क्वचित कर्करोग उद्भवतो, आणि तो चुकीच्या निदानाखाली दडून मलमाच्या थराखाली वाढत राहतो.

लाली कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे पसरू लागली, ताप किंवा थंडी वाजून आली, वेदना अचानक वाढली, जखमेभोवती दाबल्यावर कातडीखाली करकर जाणवली, मधुमेही व्यक्तीचा पाय लाल होऊन सुजला किंवा पायाचे बोट काळे पडू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ज्याला पायाची संवेदना नाही त्याच्या बाबतीत 'दुखत नाही' या उत्तरावर विसंबू नये.

जखम भरल्यावर

कातडी मिटली, म्हणजे काम संपले असे नाही. नवा भाग महिनोन्‌महिने घडत राहतो आणि पूर्ण घडल्यावरही त्याची मजबुती मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही. शिरांच्या जखमेनंतर दाबाचे मोजे आणि मधुमेहात योग्य पादत्राणे चालू ठेवावी लागतात. नाहीतर जखम त्याच जागी पुन्हा उघडते. नव्या कातडीला सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा लावावे, पण बोटांच्या बेचक्यांत लावू नये. जुन्या ट्यूबांचा डबा त्याच दिवशी रिकामा करावा. उघडलेली ट्यूब किती दिवस टिकते हे तिच्यावर किंवा वेष्टनावर लिहिलेले असते, आणि एकाच्या जखमेसाठी उघडलेली ट्यूब दुसऱ्याच्या जखमेला कधीही लावायची नसते.